उसना मागितला एक, मिळाले दहा

बावन्नातून सत्तावीस वजा करायचे होते. तिसरीतल्या माझ्या लेकीने उत्तर लिहिलं पस्तीस. सातातून दोन गेले, राहिले पाच; पाचातून दोन गेले, राहिले तीन. लहान आकडा मोठ्या आकड्यातून काढायचा, मग तो वर असो की खाली, हा तिचा नियम, आणि तो तिने इमानेइतबारे पाळला होता. मी पतसंस्थेत काउंटरवर बसते, दिवस आकड्यांतच जातो. पाच मिनिटांत समजावून मोकळी होईन असं वाटलं. माझ्या बाईंनी मला शिकवलं तसंच सांगितलं: दोनातून सात जात नाहीत, मग शेजारच्या पाचाकडून एक उसना घे, झाले बारा.

ती थांबली. "एक मागितला तर दहा कसे मिळाले?"

चाळिशी आली, तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बाईंनी उसना घ्यायला सांगितला, मी घेतला, उत्तर बरोबर आलं, विषय संपला. लेकीच्या वहीत शाळेतल्या मॅडमनी त्याच गणिताखाली लिहिलं होतं, 'एक दशक सुटा करा', आणि शेजारी दहा काड्यांचा गठ्ठा सोडल्याचं चित्र काढलं होतं. ते पाहून मी आधी वैतागले होते. एवढ्याशा वजाबाकीला काड्या कशाला, आम्ही काय काड्या मोडत शिकलो का? आता कळलं की तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या चित्रात होतं. ते मला वाचता आलं नव्हतं, आणि ते कसं वाचायचं हे मला कुणी सांगितलंही नव्हतं.

शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर उभं राहिलं की गणिताबद्दलच्या तक्रारी ऐकायला मिळतातच. चौथीत गेला तरी पाढे येत नाहीत. अजून बोटं मोजते. पुस्तकात नुसती चित्रं, उदाहरणं कुठायत? आम्ही सांगतो ती रीत मॅडमना चालत नाही आणि मॅडमची रीत आम्हाला कळत नाही. शेवटी ठरलेलं वाक्य: पूर्वीसारखं गणित राहिलं नाही. ही कुरकुर अडाणी लोकांची आहे असं समजून शिक्षणखात्यातली माणसं तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मला ते पटत नाही. काहीतरी बिघडलंय हे पालकांना बरोबर कळतं. कुठे बिघडलंय हे मात्र आपण हमखास चुकीचं सांगतो.

बिघडलंय याला आधार आहे. 'असर' या सर्वेक्षणात घरोघरी जाऊन मुलांना साधी गणितं सोडवायला देतात. खेड्यापाड्यांतली मुलं, आणि गणितं म्हणजे हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. २०२४ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या शंभरातल्या जेमतेम चौतीस मुलांना ती वजाबाकी आली. पाचवीतल्या एकतीसेक मुलांना भागाकार आला. आठवीतसुद्धा निम्म्याहून कमी, सेहेचाळीसच्या आसपास. आणि २०२२ च्या मानाने हे आकडे सुधारलेले आहेत. माझ्या लेकीची बावन्न वजा सत्तावीस नेमकी त्याच जातीची. म्हणजे ती एकटी नाही. दर तिघांतल्या दोघांची गाडी तिथेच अडकलेली आहे.

आता 'पूर्वीसारखं' या शब्दाकडे येऊ, कारण आपली अर्धी भांडणं त्याच्यावरच होतात.

माझे आजोबा चौथी शिकलेले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी त्यांना तोंडपाठ होती, आणि औटकीसुद्धा. औट म्हणजे साडेतीन, हे आज दहावीच्या मुलाला विचारून पाहा. घरात कुणी गणितात अडखळलं की आजोबांच्या औटकीचा दाखला निघतो. पण ही औटकी कशासाठी होती? रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर. सव्वा रुपया शेर दराने साडेतीन शेर तूप घेतलं तर चार रुपये सहा आणे होतात, हे दुकानात उभ्या उभ्या काढायचं तर पाव-पाऊण-सव्वाचे पाढे जिभेवरच हवेत. तो व्यवहार मोजायला ती उजळणी लागायची. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, पुढच्या काही वर्षांत शेर आणि मण जाऊन किलो आले, आणि औटकीचं बाजारातलं काम संपलं. कुणा पुरोगामी शिक्षणतज्ज्ञाने ती मारली नाही. तिचं गिऱ्हाईकच उरलं नाही.

दुसरी गोष्ट आजोबाच सांगायचे. त्यांच्या वर्गात सुरुवातीला वीसेक पोरं होती, चौथीच्या परीक्षेला बसली सहा. बाकीची शेतावर नाहीतर गुरांमागे गेली. ज्यांना पावकी आली नाही त्यांची नावं पटावरच राहिली नाहीत. पूर्वी सगळ्यांना गणित यायचं हे आपण उरलेल्या सहांकडे बघून म्हणतो. आज ते चौदाजणही वर्गात बसलेले असतात. शाळेपुढचं काम तेव्हापेक्षा अवघड झालंय, आणि ते अवघड झालं ही चांगली गोष्ट आहे.

याचा अर्थ पाढे सोडून द्यावेत असा नाही. या बाबतीत मी गेटवरच्या आयांच्या बाजूची आहे. तीनशे छत्तीसला सातने भागताना ज्याला 'सात चोक अठ्ठावीस' जिभेवर येत नाही, तो सात-सात मिळवत बसतो आणि तेवढ्यात आपण काय भागत होतो हेच विसरतो. पाढा पाठ असला की डोकं पुढच्या पायरीसाठी मोकळं राहतं. पण पाढे म्हणणारी अर्धी मुलं 'सात नवे?' विचारलं की 'सात एके सात'पासून सुरू करतात, हेही खरं. त्यांच्यासाठी तो पाढा म्हणजे आरती. मधलं कडवं एकदम म्हणता येत नाही.

बोटांचंही तसंच. पहिलीतल्या पोरीने बोटं मोजली तर काही बिघडत नाही. जप करताना आजी पेरं मोजते तेव्हा आपण तिला टोकतो का? पाचवीतही सात आणि पाच करायला बोटं लागत असतील तर मात्र काळजी करावी. काळजी बोटांची नव्हे. मधल्या चार वर्षांत सातात तीन मिळवून आधी दहा करायचे आणि उरलेले दोन पुढे टाकायचे, हे तिला कुणी दाखवलंच नाही, याची.

पाढे की समज, घोकंपट्टी की संकल्पना, हा आपला आवडता वाद. दोन्ही बाजूंनी त्यावर बरंच भाषण करता येतं, म्हणून तो आवडता. खरी अडचण त्या दोहोंच्या आधीच येते: सत्तावीस म्हणजे दोन दशक आणि सात एकक हे मुलाच्या डोक्यात पक्कं बसलंय का? नसेल तर पाढा पोपटपंची होते आणि काड्याही नुसता खेळ होतात. उसना एक दहा कसा होतो, या प्रश्नाचं उत्तर स्थानिक किमतीत आहे, म्हणजे आकडा कोणत्या जागी बसलाय त्यावरून ठरणाऱ्या त्याच्या किमतीत. आणि स्थानिक किंमत या विषयावर मराठी माणूस जाहीरपणे एकदाच भांडला. तेही कशावर भांडतोय हे कळून न घेता.

ते साल २०१९. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या वाचायची आणखी एक रीत दिली होती: एकवीसला 'वीस एक', सत्तावीसला 'वीस सात'. जूनमध्ये शाळा उघडल्या आणि गदारोळ झाला. मराठी बुडवायला निघाले, मुलांचं नुकसान करतायत, पंचाहत्तर म्हणायला काय धाड भरली. विधानसभेत तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस यांच्या आडनावातल्या 'वीस'वरून कोट्या झाल्या, फोनवर विनोद फिरले, आणि मीही ते पुढे पाठवले, हे कबूल करते. गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर, स्वतः गणितज्ञ. त्या परोपरीने सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही रीती दिल्या आहेत; जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट क्रमाने बोलायची ही नावं लहान मुलांना जड जातात आणि त्यातून गणिताची भीती बसते. ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. नारळीकरबाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांनी मांडलेला प्रश्न आजही तसाच पडून आहे.

तो प्रश्न समजून घ्यायचा तर एखाद्या संध्याकाळी दुसरीतल्या मुलाला संख्या सांगून लिहायला लावा. 'सत्तावीस' म्हटलं की त्याच्या कानावर आधी सात पडतो, म्हणून हात आधी सात लिहितो: ७२. 'एकोणसत्तर' तर आणखी मजेशीर. ऐकू येतं 'एक' आणि 'सत्तर', खरी संख्या सत्तराच्या अलीकडची, आणि लिहायचा आहे सहा. कुणी ७१ लिहितं, कुणी ७९. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस करत एकोणनव्वदपर्यंत हा 'एकोण' चालतो, आणि पोराला जरा नियम सापडतोय असं वाटावं तोच येतात नव्याण्णव. एकोणशंभर का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तीनचंच बघा: त्रेपन्न, त्रेसष्ट, पण त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. शंभरापर्यंत पोचायला मराठी मूल जवळजवळ शंभर स्वतंत्र शब्द पाठ करतं, आणि ते शब्द त्याला संख्येची रचना सांगत नाहीत, उलट लपवतात.

मी मिरजेची. शेजारी कानडी बोलणारी दोन घरं आहेत. त्यांच्याकडे सत्तावीसला 'इप्पत्तेळु' म्हणतात. इप्पत्तु म्हणजे वीस, एळु म्हणजे सात. म्हणजे वीस सात. तेलुगू आणि तमिळमध्येही हीच तऱ्हा आहे. ज्या रीतीवर आपण हसून हसून लोळलो, ती रीत भिंतीपलीकडचं पोर रोज बोलतं आणि त्याची भाषा काही बुडालेली नाही. नॉर्वेत तर संसदेने ठराव करून १९५१ पासून शाळांतून 'सात आणि वीस' ऐवजी 'वीस सात' म्हणायला लावलं. टेलिफोन ऑपरेटरांचे आकडे चुकत होते हे त्याचं एक मोठं कारण. जुनी पद्धतही तिथे पूर्ण मेली नाही, आजही कानावर पडते. दोन्ही नांदतात.

एवढं सगळं मान्य करूनही मला सत्तावीस घालवायचे नाहीत. बाजारात अडुसष्ट म्हणजे काय हे कळलं नाही तर माझी मुलगी तिच्याच गावात परकी होईल. पण पहिली-दुसरीत दोन वर्षं 'वीस सात म्हणजे सत्तावीस' असं जोडीने म्हटलं तर बिघडतं काय? विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधायचे. पोहता आलं की भोपळा सुटायचा. वीस सात हा तो भोपळा होता. आपण त्याला मराठीचा खून म्हटलं.

आणि मराठीची एवढी काळजी असलेले आपण दुसरीकडे काय करतो? मुलांना सेमी-इंग्रजीत घालतो. माझीही तिथेच आहे, म्हणून बोलण्याचा हक्क आहे. शाळेत गणित इंग्रजीत: ट्वेंटी-सेव्हन, टेन्स आणि युनिट्स. घरी आजी म्हणते सत्तावीस. शाळेत वीस आधी, घरी सात आधी. दोन्ही शब्द दोन वेगळ्या कप्प्यांत पडतात आणि मधली वाट कुणी दाखवत नाही, कारण मॅडमना वाटतं ते घरी होत असेल आणि आम्हाला वाटतं शाळेत झालं असेल. नारळीकरबाईंची 'वीस सात' ही त्या दोन कप्प्यांमधली वाट ठरली असती. ट्वेंटी-सेव्हन आणि वीस-सात शब्दाला शब्द लावून बघा.

घराबद्दलही बोलायला हवं. गेटवरच्या चर्चेत घर कधी आरोपीच्या पिंजऱ्यात नसतं.

मी लहान असताना आई मला पाच रुपये देऊन दुकानात पाठवायची. तीन रुपये चाळीस पैशांचं सामान, उरलेले एक रुपया साठ पैसे मुठीत धरून आणायचे, आणि आई ते ओट्यावर मोजून घ्यायची. चुकलं तर पुन्हा दुकानात. ही माझी बिनवहीची वजाबाकी. आज माझी मुलगी माझ्याबरोबर लक्ष्मी मार्केटात येते तेव्हा मी फोन पुढे करते, भाजीवालीच्या पेटीतून आवाज येतो आणि आम्ही निघतो. सुट्टे पैसे तिने फारसे बघितलेलेच नाहीत. किराण्याची पाकिटं छापील किमतीची, दूध पिशवीतलं, तेल बाटलीतलं. मापून, तोलून, ओतून घ्यायचं घरात काही उरलं नाही. पुस्तकात मात्र प्रश्न येतो: दुकानदाराला शंभराची नोट दिली, त्रेसष्ट रुपयांची भाजी घेतली, किती परत मिळतील? पोरीच्या दृष्टीने हा इतिहासाचा प्रश्न आहे.

याची दुसरी बाजू २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात दिसली. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा हिशोब तपासला. ग्राहक बनून त्यांच्याकडून अडनिड्या वजनाची भाजी घ्यायची आणि मोठी नोट द्यायची. बहुतेक मुलं कागद-पेन्सिल न घेता रक्कम बरोबर सांगत, सुट्टेही बरोबर देत. त्याच मुलांना शाळेच्या पद्धतीने कागदावर भागाकार दिला की बहुतेकांची दांडी उडे. उलट शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं कागदावर बरी, पण बाजारातल्या हिशोबात गारद. दोन्हीकडे गणित आहे, मधला पूल नाही. भाजी विकणाऱ्या पोराला शाळा सांगत नाही की तू जे करतोस तोच भागाकार, आणि शाळकरी पोराला घर सांगत नाही की तू वहीत लिहितोस तीच भाजी.

आता शाळेकडे वळते. दोष द्यायचाच तर तो शिकवण्याच्या रीतीपेक्षा शिकवण्याच्या वेगाला द्यावा लागेल. जूनमध्ये दुसऱ्या इयत्तेचं पुस्तक संपलं असं धरून तिसरीचं सुरू होतं. वर्गातल्या तीस मुलांपैकी दहा-बारांचं ते संपलेलं नसतं, पण पुस्तक पुढे जातं. स्थानिक किंमत कच्ची राहिलेलं मूल तिसरीत वजाबाकीत अडतं, चौथीत गुणाकारात, पाचवीत अपूर्णांकात, आणि आठवीत आपण म्हणतो याला गणिताची बुद्धीच नाही. तो खरा कुठे थांबला होता हे कुणी बघितलंच नाही.

यावरचा उपाय कुठल्या परदेशी पुस्तकात शोधायला नको. मुंबई महापालिकेच्या आणि वडोदऱ्याच्या शाळांत २००१ ते २००३ दरम्यान शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेचा बालसखी उपक्रम तपासला गेला. मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वर्गाबाहेर काढून, वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीने त्यांना जे येत नाही तिथून शिकवायचं, एवढाच तो उपक्रम. मुलांची प्रगती मोजून सिद्ध झाली. पुढे इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट करून शिकवण्याची पद्धत यातूनच वाढली. त्या अभ्यासात असलेल्या बॅनर्जी आणि डफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते २०१९ च्या ऑक्टोबरात. जूनमध्ये आम्ही वीस एकवर हसत होतो, चार महिन्यांनी मुंबईच्या म्युनिसिपल शाळांत केलेल्या कामाचा डंका स्टॉकहोममध्ये वाजला.

मग हे सगळीकडे का होत नाही? केंद्राचं 'निपुण भारत' अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचन आणि मूलभूत गणित यावं असं त्यात म्हटलंय. कागदावर दिशा बरोबर आहे. पण जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी दोन-तीन इयत्ता एका खोलीत सांभाळतात. त्याच गुरुजींकडे मतदार यादीचं काम, पोषण आहाराचा हिशोब, चाचण्यांचे गुण ॲपवर चढवणं. गुण चढतात. कुणाला दशक कळलं नाही ही माहिती त्या गुणांत असते, पण ती परत वर्गात येत नाही. खासगी शाळांना ही कामं कमी, पण तिथे पुस्तक वेळेत संपवायची घाई मोठी, आणि ती घाई आपणच लावलेली असते. "शेजारच्या शाळेत भागाकार झालासुद्धा" असं मॅडमना म्हणणारे आपणच ना?

मग आपण अबॅकसच्या क्लासला पैसे भरतो. मणी सरकवत मूल पाच-पाच संख्यांची बेरीज झटक्यात करतं, स्टेजवर ढाल मिळते, फोटो येतो. झटपट हिशोब हे चांगलं कसब आहे, त्याला माझा विरोध नाही. पण त्यातल्या एका ढालवाल्याला मी विचारलं, पंचवीस रुपयांना दोन वह्या तर सात वह्या कितीला? त्याने विचारलं, "यात प्लस करायचं की मायनस?"

मला शाळेकडून काय हवंय ते सांगते. नवीन पुस्तक नको, जुनी उजळणीही नको. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत गणवेश, फी आणि सहलीचे विषय बाजूला ठेवून अर्धा तास आम्हाला बाकावर बसवा, प्रत्येकाला काड्यांचे गठ्ठे द्या आणि बावन्नातून सत्तावीस काढायला सांगा. एक दशक सुटा केला की बारा सुट्या काड्या हातात येतात, हे हातांना कळू द्या. या वर्षी तुम्ही बेरीज-वजाबाकी कोणत्या रीतीने शिकवणार हे दाखवा, म्हणजे रात्री आम्ही घरी दुसरी रीत शिकवून पोराला दोन दगडांवर उभं करणार नाही. आणि वर्षातून दोनदा टक्के किंवा श्रेणी न देता एका ओळीत लिहून द्या: तुमच्या मुलीला शंभरापर्यंत संख्या कळतात, हातच्याची वजाबाकी कळत नाही. तेवढ्या ओळीवर घरी पुष्कळ काम करता येतं.

हे सगळं मी मुलीच्या मॅडमना बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग कपाटातून पालकसभेचं रजिस्टर काढून उघडलं. जूनच्या सभेला बत्तीसपैकी नऊ सह्या होत्या. काड्यांचं त्या दिवशी त्यांनी करून दाखवलं होतं म्हणे. मी वरून खाली दोनदा बोट फिरवलं, माझी सही त्यात नव्हती. त्या दिवशी पतसंस्थेत ऑडिट होतं.

"पुढची सभा कधी आहे?" मी विचारलं.

"तारीख तुम्ही पालकच ठरवा," मॅडम म्हणाल्या. "काड्या माझ्याकडे आहेत."